फिरायला निघालं की कुत्री अंगावर येतात: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

कुणाला चावा किंवा ओरखडा आधीच बसला असेल तर बाकी सगळं नंतर वाचा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा. त्याचा तपशील शेवटच्या भागात दिला आहे.

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांमध्ये आमची सोसायटी आहे. मी कमिटीत आहे आणि कुत्र्यांची तक्रार आली की फोन मलाच येतो. कधी शाळेच्या बसपर्यंत मुलाला सोडणारी आई असते, कधी पहाटे फिरायला जाणारे काका, कधी नातवाला बाबागाडीत घेऊन निघालेल्या आजी. आतापर्यंत ही गाठ इतक्या वेळा सोडवली आहे की कुठून सुरुवात करायची ते आता पक्कं ठाऊक झालंय. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: कुत्रं अंगावर येण्याला बहुतेक वेळा एक ठरलेली जागा असते, ठरलेली वेळ असते आणि त्यामागे कारण असतं. ते कारण सापडलं की निम्मं काम झालं.

लक्षणं

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे रोज एकाच वळणावर, साधारण एकाच वेळी, दोन-चार कुत्री भुंकत येतात आणि तुम्ही पुढच्या खांबापर्यंत गेलात की आपोआप मागे फिरतात.

दुसरा प्रकार: कालपर्यंत शेपूट हलवत जवळ येणारी कुत्री अचानक दात दाखवायला लागते, आणि तेही एखाद्या बंद पडलेल्या गाडीजवळ किंवा जिन्याखाली.

तिसरा: मोठी माणसं निवांत जातात, पण मुलं दिसली की कुत्री धावत सुटतात.

चौथा: चालणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, स्कूटर आणि सायकलच्या मात्र मागे लागतात.

पाचवा: कुत्रा गल्लीतला नाही, कुणाच्या तरी घरचा आहे. गळ्यात पट्टा आहे, पण त्याची दोरी कुणाच्याच हातात नाही.

आपल्याकडे यातला कोणता प्रकार आहे हे आधी ठरवा. दोन प्रकार एकत्रही असतात.

आणखी एक लक्षण मी वेगळं ठेवते. कुत्रा जागा बघत नाही, वेळ बघत नाही, ओळखीच्या माणसाला, गाई-म्हशींना, दुसऱ्या कुत्र्यांना, दिसेल त्याला चावत सुटतो. किंवा एरवी धीट असलेला कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहतो, जबडा लोंबतो, लाळ गळते. इथे आपण काहीही तपासायचं नाही. थेट "इथे थांबा" या भागाकडे जा.

वेळ आणि रस्ता

याला पैसा लागत नाही. आठवडाभर मोबाइलवर टिपून ठेवा: किती वाजता, कुठे, किती कुत्री होती, आसपास काय चाललं होतं. कुत्र्यांचा प्रत्येक गट आपापला इलाका धरून असतो आणि दोन गटांची हद्द जिथे लागते तिथे सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो. माणूस त्या भांडणाच्या मधोमध सापडतो. नोंदी केल्या की ही हद्द स्वच्छ दिसते. बहुधा एखादा चौक, नाल्यावरचा पूल, विजेची डीपी किंवा कचऱ्याची जागा निघते.

वेळेचंही तसंच. पहाटे रस्ता रिकामा असतो आणि रात्रभर तो कुत्र्यांच्याच ताब्यात असतो. आमच्याकडचे एक काका पाचला निघायचे आणि रोज डीपीपाशी अडायचे. दूधवाले, पेपरवाले सुरू झाल्यावर, सहाच्या सुमाराला निघायला लागले आणि त्यांचा प्रश्न तिथेच मिटला. रविवारी सकाळी चिकन-मटणाच्या दुकानांसमोर, घंटागाडी येण्याआधी कचऱ्याच्या पिशव्या बाहेर ठेवलेल्या असतात तेव्हा, लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला कुत्र्यांची गर्दी आणि आपापसातली मारामारी वाढते. अशा वेळी मुलांना घेऊन तिथून जाऊ नका.

वाट बदलणं म्हणजे माघार घेणं, असं काही जणांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. बरोबर पाच वर्षांचं मूल असताना रस्त्यावरचा हक्क शाबीत करत बसू नये. आज दुसऱ्या बाजूने जा आणि कारण शोधायचं काम चालू ठेवा.

मूल नेमकं काय करतं

हेही फुकटच आहे, पण रोज थोडा सराव लागतो. माझा सगळ्यात जास्त भर यावरच असतो, कारण आयत्या वेळी मुलाच्या अंगात काय भिनलेलं आहे तेच बाहेर येतं.

आधी मुलाला लांबून चालताना बघा. मुलं पळतात, किंचाळतात, हात हवेत उडवतात, हातात बिस्किटाचा पुडा किंवा पोळीचा रोल असतो. कुत्र्याला पळणारी वस्तू दिसली की मागे लागणं हा त्याचा स्वभावच आहे. शिवाय लहान मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या जवळपास उंचीवर असतं आणि मुलं टक लावून बघतात. रोखून बघणं कुत्र्याला आव्हान वाटतं. मुलांना चेहऱ्यावर आणि मानेवर चावे बसतात ते यामुळे.

उपाय मुलांच्या खेळातच आहे. "स्टॅच्यू" सगळ्या मुलांना येतो. तोच खेळ कुत्र्यासाठी पक्का करून घ्यायचा. कुत्रा अंगावर येताना दिसला की जागच्या जागी थांबायचं. पाय जुळवून, दोन्ही हात छातीशी घडी करून, मुठी मिटलेल्या. मुठी का, तर बोटं लोंबत असली की कुत्रा आधी तीच धरतो. नजर स्वतःच्या बुटांवर. तोंड बंद. आणि मनातल्या मनात बेचा पाढा म्हणायचा, सावकाश. पाढा म्हणताना मुलाचा श्वास ताळ्यावर राहतो आणि किंचाळी फुटत नाही. बहुतेक कुत्री जवळ येतात, हुंगतात, हललं काहीच नाही म्हटल्यावर निघून जातात. कुत्रा चार पावलं लांब गेला की पाठ न फिरवता, तिरकं तिरकं मागे सरकायचं. पळायचं नाही, अगदी घराचं गेट समोर असलं तरी.

हातात खाऊ असेल तर तो लांब टाकून द्यायचा. खाऊ गेला म्हणून आई रागावणार नाही, हे मुलाला आधी सांगून ठेवा. नाहीतर मूल पुडा छातीशी धरून ठेवतं.

मूल पडलं किंवा कुत्र्याने पाडलं तर अंगाचं मुटकुळं करायचं: गुडघे पोटाशी, कपाळ जमिनीला, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली, कोपरांनी कान झाकलेले. मान आणि चेहरा वाचवणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिथे शिरा आणि मज्जातंतूंचं जाळं दाट असतं, आणि मेंदू जवळ असल्यामुळे रेबीजच्या दृष्टीने तिथली जखम सगळ्यात घातक ठरते.

हे सगळं घरात चटईवर करून घ्या. मी मुलांना जमवून स्वतः कुत्रा होते, भुंकत त्यांच्याभोवती फिरते, पायाला हात लावते. सुरुवातीला सगळी हसतात, पळतात. काही दिवसांनी "स्टॅच्यू" म्हणायच्या आधीच मुठी छातीशी जातात. तिथपर्यंत पोचायचं. एकदा समजावून सांगितलं म्हणजे झालं, असं धरून चालू नका.

काही गोष्टी मुलांना ठणकावून सांगाव्यात. झोपलेल्या, खाणाऱ्या, पिल्लांजवळच्या कुत्र्यापाशी जायचं नाही. फाटकाच्या गजांतून हात घालायचा नाही. बांधलेला कुत्रा मोकळ्या कुत्र्याइतकाच चावतो. आणि शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, असं नेहमी नसतं. शेपूट उंच आणि ताठ, हलणं बारीक आणि झटक्याचं, पाठीवरचे केस उभे, अंग लाकडासारखं घट्ट असेल तर तो इशारा आहे. कान पाडून, शेपूट पायात घालून कोपऱ्यात दबलेला कुत्राही चावतो, कारण त्याला पळायला जागा नसते. त्याला वाट मोकळी करून द्या.

मोठ्यांसाठी: मूल चालतं असेल तर त्याला झटकन वर उचलू नका. मूल वर गेलं की कुत्राही वर उडी घेतो आणि तुमचा तोल जातो. त्याला पाठीमागे घ्या, तुमचा शर्ट किंवा ओढणी घट्ट धरायला सांगा आणि स्वतः कुत्रा आणि मूल यांच्यामध्ये उभे राहा. अगदी तान्हं मूल कडेवर असेल तर त्याचं तोंड आपल्या छातीकडे वळवा आणि पाय वर ओढून घ्या.

स्कूटरवर असाल तर वेग वाढवू नका. हळू करा, थांबा, पाय टेका. पाठलागाची मजाच संपते आणि बहुतेक कुत्री तिथेच थांबतात. लाथ मारायला गेलात की पाय त्याच्या तोंडात आणि स्कूटर आडवी. पुढे मूल उभं असताना तर असं अजिबात करू नका. अशा पाठलागात चाव्यापेक्षा पडून झालेल्या जखमाच मी जास्त पाहिल्या आहेत. सायकलवरून मुलाने उतरावं आणि सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी.

हातात काय असावं

छत्री. बारा महिने. कुत्रा समोर आला की ती त्याच्या दिशेने उघडायची आणि ढालीसारखी पुढे धरायची. त्याला तुम्ही आणि मूल दोघंही दिसेनासे होतात आणि मध्ये अंतर राहतं. काठी असेल तर खाली, जमिनीच्या जवळ, आपल्यापुढे धरा. उगारलेली काठी बघून घाबरट कुत्रा पळतो, पण टोळी चवताळते. मुलाचं दप्तरही ढालीसारखं वापरता येतं. रात्री टॉर्च हवाच, कारण अंधारात झोपलेल्या कुत्र्यावर पाय पडूनही चावे बसतात.

खाली वाकून दगड उचलल्याचं नाटक आपल्याकडे सगळेच करतात आणि बऱ्याच कुत्र्यांवर ते चालतं. पण वाकलात की चेहरा खाली येतो, म्हणून कुत्रा लांब असतानाच ते करावं, आणि मुलांनी तर कधीच करू नये. खरोखर दगड मारू नका. मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी त्याच उंचीच्या दुसऱ्या मुलावर जातो, आणि जनावराला मारणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. मिरचीपूड, स्प्रे यांच्या नादी लागू नका. वारा फिरला की ते मुलाच्या डोळ्यांत जातं.

पिल्लं आहेत का

दुसऱ्या लक्षणाचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. भाद्रपदात कुत्र्यांचा हंगाम असतो हे गावाकडे लहान पोरांनाही माहीत असतं. कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांनी विते, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, दिवाळीच्या आगेमागे, गल्लोगल्ली पिल्लं दिसायला लागतात. शहरात वर्षभर विणं चालू असलं तरी या महिन्यांत माझ्याकडच्या तक्रारी हटकून वाढतात.

मागच्या हिवाळ्यात बसथांब्यालगत एक गंजलेली मारुती उभी होती. चारही चाकांतली हवा गेलेली, खाली कुणीतरी पोत्याचा तुकडा टाकलेला. मुलं बसची वाट बघत तिथेच उभी राहायची आणि कुत्री रोज कुणाच्या तरी पोटरीपर्यंत यायची. ओणवून पाहिलं तर चाकामागे एकमेकांवर चढलेली पिल्लं, डोळे अजून मिटलेले. पिल्लांचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, महिन्याभराने ती बाहेर खेळायला लागतात आणि दोन महिन्यांच्या आत दूध सुटत जातं. म्हणजे आईचा हा राग कायमचा नसतो.

तोवर एवढंच करायचं: गाडीभोवती दोन-तीन पावलांवर सुतळी बांधा, "पिल्लं आहेत, जवळ जाऊ नका" अशी पाटी लावा, बसवाल्या काकांना सांगून थांबा चार घरं पुढे न्या. पिल्लं उचलून दुसरीकडे टाकू नका. आई दिवसभर शोधत हिंडते आणि तेव्हा ती सगळ्यात जास्त चावते. मुलांना पिल्लांचा मोह आवरत नाही, म्हणून स्पष्ट सांगा: पिल्लाचा दात लागला तरी तो कुत्र्याचा चावाच असतो, आणि त्यानेही रेबीज होऊ शकतो.

खाणं कुठे पडतं

इथून पुढे माणसांशी बोलावं लागतं, म्हणून काम थोडं अवघड. शिळं अन्न कुठे टाकलं जातं ते बघा. गेटबाहेर ठेवलेल्या ओल्या कचऱ्याच्या पिशव्या, वडापावच्या गाडीमागची जागा, दुकानाबाहेर टाकलेली हाडं. कुत्री तिथे जमतात आणि ती जागा राखायला लागतात. कचऱ्याला झाकणाचा डबा आणि घंटागाडी आल्यावरच पिशवी बाहेर, एवढ्याने आमच्या दोन गल्ल्यांमधला त्रास निवळला.

रोज कुत्र्यांना खाऊ घालणारी कुणी ताई किंवा दादा असतील तर त्यांच्याशी भांडू नका. कुत्री कोणती, कुणाची नसबंदी झाली, कोण आजारी आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं आणि लस द्यायच्या दिवशी कुत्रा हाताशी येतो तो त्यांच्यामुळेच. जागा आणि वेळ मात्र बदलून घ्या. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत हेच सांगितलंय: खाऊ घालायची जागा सोसायटीने ठरवायची, ती जिने, इमारतीचं प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब असावी, आणि वेळ ठरवताना मुलं व ज्येष्ठांची वर्दळ लक्षात घ्यावी. वाद मिटला नाही तर त्यासाठी समिती नेमण्याची तरतूदही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही रस्त्यावर कुठेही खायला न घालता प्रभागवार ठरलेल्या जागीच घालावं, असं म्हटलं आहे. ही दोन्ही कागदपत्रं छापून बैठकीला नेलीत की आवाज आपोआप खाली येतात.

घरचा कुत्रा मोकळा सोडलाय

"काही करत नाही हो तो!" हे वाक्य ऐकलं की मी मालकाला एकच सांगते: तुम्हाला काही करत नाही, पण माझ्या नातीला तो आज पहिल्यांदा बघतोय. पहिल्यांदा शांतपणे, समोरासमोर बोला. मालकाला बहुतेक वेळा खरोखरच कल्पना नसते की मूल त्याच्यामुळे खाली खेळायला येईनासं झालंय. पुन्हा तसंच दिसलं तर सोसायटीकडे लेखी तक्रार, तारीख आणि फोटोसह. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, पण सामाईक जागेत तो पट्ट्यातच राहील हे सांगता येतं. महापालिकेचा परवाना आणि दरवर्षीची रेबीजची लस यांचे कागदही मागा.

त्यानंतरही ऐकत नसतील तर पोलीस चौकी. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार जनावर निष्काळजीपणे सांभाळून माणसाच्या जिवाला धोका निर्माण केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शेजाऱ्याशी संबंध बिघडतील म्हणून लोक इथे कच खातात. लेखी तक्रारीच्या टप्प्यापर्यंत तरी नक्की जा, कारण पुढे चावा झाला तर तोच कागद उपयोगी पडतो.

नसबंदी आणि लस

सगळ्यात वेळखाऊ उपाय, पण कायमचा हाच. कुत्र्यांचे कान बघा. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला खाच केलेली असते. खाच नसलेली कुत्री किती, ते मोजा. "खूप कुत्री आहेत, बंदोबस्त करा" असा अर्ज दिला तर गाडी येते, दिसतील ती दोन कुत्री नेते आणि बाकीची तशीच राहतात. त्याऐवजी यादी द्या: रंग, नर की मादी, कानाला खाच आहे का, नेहमी कुठे आणि कधी सापडतं, सोबत फोटो. अर्जाची पोच घ्या. खाऊ घालणाऱ्या ताईंना त्या दिवशी सकाळी हजर राहायला सांगा, म्हणजे गट एकदम सापडतो. मुंबईत महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार देता येते. इतर शहरांत महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य अथवा पशुवैद्यकीय विभागाकडे.

"परत का आणून सोडता?" हा प्रश्न हमखास येतो. नियम तसा आहे, आणि त्यामागे अनुभव आहे: जागा रिकामी झाली आणि खाणं तिथेच राहिलं की शेजारच्या भागातली, लस न दिलेली कुत्री तिथे येतात. नसबंदी झालेल्या कुत्र्यांत हंगामातल्या मारामाऱ्या कमी होतात आणि पिल्लं राखणारी आईही उरत नाही. भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोव्याने सामूहिक लसीकरण, शाळाशाळांतून मुलांना शिक्षण आणि संशयित कुत्र्यांवर लक्ष, असं कित्येक वर्षं नेटाने केलं आणि २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर होणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. आपल्या शेजारीच हे झालंय.

अपवाद आहेत. ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार रेबीज झालेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री परत सोडायची नाहीत. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून पुन्हा तिथेच सोडू नयेत, असं सांगितलं आहे. शाळेच्या आवारात त्रास असेल तर मुख्याध्यापकांच्या पत्रावर या आदेशाचा उल्लेख जरूर करा.

इथे थांबा

कुत्रा विनाकारण एकामागून एक चावतोय, तोल जातोय, मागचे पाय ओढतोय, भुंकण्याचा आवाज घोगरा झालाय, माती-लाकूड चावतोय, यापैकी काहीही दिसलं तर स्वतः पकडायला किंवा मारायला जाऊ नका. गेट बंद करा, मुलांना आत घ्या, गटावर संदेश टाका आणि महापालिकेला फोन करा. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, असं दिसलं की घशात हाड अडकलंय असं समजून दयाळू माणसं तोंडात हात घालतात. असं करू नका. रेबीजचा एक प्रकार नेमका असाच दिसतो.

एकच कुत्रा वरचे सगळे उपाय करूनही माणसांवर जात असेल, तर तेही आपल्या आवाक्यातलं काम राहिलेलं नाही. चाव्यांच्या नोंदी आणि दवाखान्याचे कागद जोडून महापालिकेकडे लेखी द्या.

आणि चावा झाला, की पुढचं सगळं डॉक्टरांचं. आपण फक्त धुवायचं: साबण, वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. विषाणू साबणाने मरतो आणि जखमेतून वाहून जातो, म्हणून हे नळाखालचं काम औषधाइतकंच मोलाचं आहे. मूल रडेल, तरी घड्याळ लावून धुवा. नंतर बीटाडीनसारखं जंतुनाशक. हळद, मिरची, चुना, तंबाखू, तेल काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. टाके घालायची घाई नको, ते डॉक्टर ठरवतील.

अखंड त्वचेला कुत्र्याने नुसतं चाटलं असेल तर लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा आला असेल तर लस लागते. रक्त आलं असेल, किंवा लाळ जखमेत, डोळ्यांत, तोंडात गेली असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन हे इंजेक्शन जखमेत आणि तिच्याभोवती द्यावं लागतं. लसीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस जातात, तोवर हेच संरक्षण देतं. लसीच्या पहिल्या डोसनंतर सात दिवसांच्या आत ते घेतलं गेलं पाहिजे. सरकारी रुग्णालयात लस मोफत असते. इम्युनोग्लोब्युलिन मात्र प्रत्येक लहान केंद्रात असतंच असं नाही, म्हणून निघताना फोन करून विचारा किंवा सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना काळ. आता दंडात, लहान मुलांना मांडीत देतात. सरकारी रुग्णालयात त्वचेत देण्याच्या पद्धतीत पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत द्यायच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कुत्रा ओळखीचा असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका. चावून आठवडे लोटले असतील आणि लस घेतलीच नसेल, तरी आजच जा. रेबीजची लक्षणं बहुधा एक ते तीन महिन्यांत दिसतात, कधी त्याहून उशिरा, आणि एकदा दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही.

मुलं चावा लपवतात. कुत्र्याजवळ गेल्याबद्दल ओरडा बसेल या भीतीने पिल्लाचा ओरखडा बाहीखाली झाकून ठेवतात. म्हणून शाळेतून आल्यावर हातपाय धुताना सहज पोटऱ्या आणि हात बघत जा, आणि आजच सांगून टाका की कुत्र्याचं काहीही झालं तरी घरी कुणी रागावणार नाही. लस सुरू झाली की डोसांच्या तारखा फ्रिजवर चिकटवा. पहिले दोन डोस सगळे घेतात, सातव्या दिवशी जखम सुकलेली असते आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत विसरही पडतो. माझ्याकडे ज्यांचे फोन येतात त्यांना त्या दिवशी सकाळी मी स्वतः फोन करते.